दोनदा वजन झालेली भाकरी

बायकोच्या तेराव्याला सुनेनं विचारलं, "मामंजी, आत्याबाईंना काय आवडायचं? पानात वाढायचंय."

मी दारात उभा राहिलो. घरात माणसं होती, भटजी आला होता, सगळे माझ्याकडं बघत होते. पंचावन्न वर्षं एका घरात काढली आणि मला सांगता येईना. शेवटी "भात" म्हणालो. ती उत्रोलीची, भोरच्या अंगाची, तिकडं भात पिकतो, म्हणून भात. अंदाजानं ठोकून दिलं. सुनेनं भात वाढला, त्यावर तूप घातलं आणि सगळ्यांचं समाधान झालं.

ती काय खायची, किती खायची, हे एकाच माणसानं बघितलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं. ते माणूस मी नव्हे. त्याचीच ही गोष्ट आहे. लिहायचं कारण एवढंच, की आता घरात कुणी राहिलं नाही ज्याला हे ऐकून वाईट वाटेल.

बहात्तरचा दुष्काळ होऊन एक-दोन सालं झाली असतील. आमचं गाव वेल्ह्याच्या पुढं डोंगरात. एस्टी वेल्ह्यापर्यंत, पुढं दीड तास पायी. खाचरात भात थोडा, बाकी उतारावर नाचणी आणि वरी. भादव्यात जुनं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं उभं असतं, तेव्हा घरातल्या कणगीला हात घातला की बोटं तळाला लागतात. तशा दिवसांत पुण्याच्या विद्यापीठातली एक मुलगी आमच्या गावात आली. पंचविशीची असेल. दोन वेण्या, खांद्याला शबनम पिशवी, पायात रबरी चपला आणि त्या चिखलात सारख्या अडकायच्या. डोंगरातली माणसं काय खातात आणि किती खातात, यावर ती मोठं पुस्तक लिहिणार होती. त्यावर तिला पदवी मिळणार होती.

तिच्याबरोबर एक काटा होता, पितळी पारड्यांचा, आणि वजनांची लाकडी पेटी. गावातली काही घरं तिनं धरली. प्रत्येक घरात आठ दिवस. सकाळी पीठ मळायच्या आधी पिठाचं वजन, मग जेवताना एकेकाच्या ताटाचं वजन, उष्टं उरलं तर त्याचंही. आमच्या घराची पाळी आली तेव्हा तिनं एक कागद मला वाचून दाखवला. माहिती खरी देऊ, आमची नावं कुठं येणार नाहीत, नको वाटलं तर कधीही नाही म्हणता येईल, असं त्यात होतं. चौथी शिकलेला माणूस मी, ऐटीत सही केली. घरात आणखी चार माणसं होती. आई, बायको आणि दोन पोरं. त्यांना कुणी विचारलं नाही. मला तेव्हा ते खटकलं नाही आणि त्या मुलीलाही खटकलं नाही.

मी आणि पोरं आधी जेवायचो, मग आई, सगळ्यांत शेवटी बायको. घराघरात तसंच होतं. आता पाहुण्यापुढं बाईमाणूस जेवत नाही. त्यामुळं त्या मुलीनं अशी सोय काढली, की बायकोनं ताट वाढून घ्यायचं, तिनं ते तोलायचं, वहीत मांडायचं आणि शेजारच्या घरी पुढच्या कामाला जायचं. मागं बायको निवांत जेवेल. पुन्हा येऊन ताट रिकामं झालेलं बघायचं, झालं काम.

पहिल्याच दिवशी काट्यावर माझ्या बायकोचं ताट माझ्यापेक्षा जड भरलं. दोन भाकऱ्या, भाजीचं कोरड्यास, वर भाताचा ढीग. मी पडवीतून बघत होतो.

"अगं, जरा जपून," मी म्हणालो. "पुण्याच्या पुस्तकात छापून यील, वेल्ह्यातली बाई घोडीवानी खाती म्हनून."

ती पदर तोंडाला लावून हसली. "छापू द्या की. तुमचंच नाव व्हईल, बायकोला खायला घालतोय म्हनून."

आईही हसली. पुढं चार दिवस मी त्याच गमतीवर होतो. चावडीवर सांगितलं, विहिरीवर सांगितलं. आमच्या घरचे आकडे गावात सगळ्यांत चांगले आहेत असं त्या मुलीच्या तोंडून मी काढून घेतलं होतं आणि मला त्याचा गर्व होता. लोकांच्या घरी बायका वरीच्या कण्या पितात आणि आमच्यात बघा.

पाचव्या दिवशी ती मुलगी अंगणात बसून बेरजा करत होती. तिचं काम असं होतं, की सकाळी तोललेलं पीठ आणि दिवसभरात तोललेल्या भाकऱ्या यांचा मेळ बसला पाहिजे. सगळ्या घरांत बसत होता, आमच्यात बसेना. पाण्याचं वजन धरूनही पिठाच्या हिशेबानं भाकऱ्या जास्त भरत होत्या. तिला वाटलं काटा बिघडला. वजनं पुसली, पारडी पुसली, पुन्हा तोललं. दुपारी तिनं बायकोचं ताट तोललं, वहीत लिहिलं आणि शेजारी जायला निघाली. अर्ध्या वाटेवरून परत आली. पुढचं सगळं मला कितीतरी महिन्यांनी कळलं, पण क्रमानं सांगायचं म्हणून इथं सांगतो.

बायको ताटातल्या भाकऱ्या टोपलीत परत ठेवत होती. भात पातेल्यात परत गेला होता. तव्यावर करपलेला एक तुकडा आणि वरीच्या कण्यांची पेज, एवढंच तिच्यापुढं होतं. टोपलीतली तीच भाकरी संध्याकाळी माझ्या ताटात येत होती, पुन्हा तोलली जात होती, पुन्हा वहीत जात होती. म्हणून मेळ बसत नव्हता. आणि बायकोला तेव्हा पाचवा महिना होता.

मुलगी म्हणाली, "वहिनी, हे काय? मग ताट कशाला भरता?"

"तुमी बघत असता की," बायको म्हणाली. "परक्या मानसापुढं रिकामं ताट वाढून घेऊ? घराची काय अब्रू ऱ्हाईल? आन तुमी एवढ्या लांबनं आलाय, तुमचं लिवनं चांगलं व्हावं."

मग तिनं त्या मुलीचा हात धरला आणि पोटावर ठेवून शपथ घातली. पोटातल्या ह्याची आण आहे, ह्यांना सांगू नका, आत्याबाईंना सांगू नका. त्या मुलीनं शपथ घेतली. घेतल्यावर तिला कळलं असावं आपण काय घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, दोन दिवस पुण्याला जाऊन येते, सरांना काही विचारायचंय. सर म्हणजे तिला शिकवणारे, असल्या कामातले मोठे जाणकार. मी तिची पिशवी घेऊन वेल्ह्यापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत एके ठिकाणी ओढ्याला पाणी होतं, ते उतरायची वाट बघत आम्ही दगडावर बसलो. तिनं विचारलं, "दादा, एखाद्यानं आपल्याला शपथ घातली आणि ती पाळली तर त्याचंच वाईट होणार असेल, तर माणसानं काय करावं?"

मला वाटलं, तिच्या लग्नाबिग्नाचं काही असेल. शहरातल्या पोरींचं काय सांगावं.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्या. आमाला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो. "जाणत्या मानसाला इचारावं. त्ये सांगत्याल तसं करावं."

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही सांगा ना. तुम्ही काय कराल?"

"म्या? म्या काय बी करीन. माझं काय खरं हाय? तुमी सरास्नी इचारा."

पाणी उतरलं. मी तिला एस्टीत बसवून आलो. म्हणजे तिनं आधी मलाच विचारलं होतं आणि मीच तिला जाणकाराकडं धाडली. पुढं जेव्हा जेव्हा मी त्या सरांना मनात शिव्या दिल्या, तेव्हा तेव्हा हा ओढ्याकाठचा दगड आडवा आला.

दोन दिवसांनी ती परत आली. राहिलेले दिवस तिनं तोललं. मला दिसायचं की ती आता शेजारी जात नाही, चुलीपाशी बसून असते. मला वाटलं मैत्री जमली. घर सोडायच्या दिवशी तिनं बायकोला दूधपावडरचा डबा दिला, कसल्या तरी गोळ्यांची बाटली दिली आणि तिच्या पाया पडली. बायको लाजून मागं सरली. "अवं ताई, पाया कशाला पडता? म्या काय म्हातारी हाय?" डब्यातलं दूध पोरांनी आठ दिवसांत संपवलं. मीही दोनदा चहात घातलं. गोळ्या कोनाड्यात राहिल्या. त्यानं मळमळतं म्हणाली.

कार्तिकात भात झोडायला बायको माहेरी उत्रोलीला गेली होती. तिकडून सांगावा आला की कळा सुरू झाल्या. सातवा सरला नव्हता. मी नसरापूरला गाडी बदलून भोरला पोचलो तेव्हा तिला दवाखान्यात खाटेवर निजवलं होतं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं बघितली.

"हिच्या अंगात रक्तच नाही," ते मला म्हणाले. "बाई खात काय होती?"

"भरपूर खाती, सायेब," मी म्हणालो.

"नक्की? पोटभर मिळतं ना घरात?"

"सायेब, पुण्याच्या विद्यापीठातल्या बाईनं वजन करून बघितलंय. आठ दिस. माझ्यापरीस जास्ती खाती ती. वहीत लिवलेलं हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. मग जंत असतील, मलेरिया असेल, बघू, असं काहीतरी म्हणाले आणि लिहीत बसले. बायको खाटेवर जागी होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं फक्त तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं कळ आली असेल.

पोरगी झाली. उन्हं उतरायच्या आत गेली. उत्रोलीच्या लोकांनी जागा दिली, तिथं पुरली. नाव ठेवलं नव्हतं, आणि असल्या मुलाचं आमच्यात सुतक धरत नाहीत, चौथ्या दिवशी आम्ही भात झोडत होतो.

उन्हाळ्यात ती मुलगी परत आली. पुस्तक लिहून होत आलं होतं, गावाला भेटायला आली होती. बायकोचं पोट उतरलेलं आणि घरात झोळी टांगलेली नाही, हे बघून तिला विचारावं लागलं नाही. त्या दोघी परसात बराच वेळ बसल्या. मग मुलगी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "दादा, मी शपथ मोडतेय. वहिनींना सांगून मोडतेय. या वेळी सरांना विचारलेलं नाही."

आणि तिनं सगळं सांगितलं. टोपली, पेज, दोनदा तोललेली भाकरी.

मी विचारलं, "सर काय म्हनलं व्हतं?"

"मी तीन गोष्टी विचारल्या होत्या. पहिली, खोटं ठरलेलं वजन वहीत ठेवायचं का. सर म्हणाले, ठेवा, आणि शेजारी खरंही लिहा. दुसरी, त्यांना खायला देऊ का. सर म्हणाले, आपण मोजायला जातो, बदलायला नाही. आठ दिवस पुरे होऊ द्या, मग काय द्यायचं ते द्या. तिसरी, तुम्हाला सांगू का."

"मग?"

"म्हणाले, शब्द दिलाय तो पाळा. तुम्ही चार दिवसांनी पुण्याला परत याल, ती बाई तिथंच राहणार आहे. नवऱ्यानं मारलं तर कोण जबाबदार?"

"म्या कदी हात उचलला न्हाई तिच्यावर," मी म्हणालो.

"सरांना ते कसं माहीत असणार?"

एकदा उचलला होता. लग्नाच्या दुसऱ्या साली. ते मी त्या मुलीला सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी आईला विचारलं. आई सुपात नाचणी पाखडत होती. "तुला ठावं व्हतं?"

"बाईमानसाच्या ताटात काय असतंय, त्ये बाईमानसाला ठावं असतंयच."

"मग बोलली का न्हाईस?"

"माझ्या टायमाला कोन बोललं व्हतं?" ती म्हणाली आणि पाखडत राहिली. कोंडा माझ्या अंगावर आला.

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. आईवर ओरडता येईना, बायकोकडं बघता येईना. उरले सर. पत्ता त्या मुलीनं दिलेला होताच. डोक्याला पटका बांधला आणि पुणं गाठलं. विद्यापीठाच्या आवारात दोनदा चुकलो, शिपायानं नेऊन सोडलं. मनात वाटभर जमवलं होतं काय काय बोलायचं ते. पण सर निघाले बारीक अंगाचे, मला बघून उठून उभे राहिले, स्वतः खुर्ची ओढून दिली. मी कोण ते सांगितल्यावर दार लोटून माझ्यासमोर येऊन बसले. भांडायला आलेल्या माणसाला याच्याइतकं वाईट काही नाही.

मी म्हणालो, "सर, पाच म्हयन्यांची गरवार बाई पेज पिऊन ऱ्हाती आन तुमी सांगता आठ दिस थांबा. हे कुटल्या पुस्तकात लिवलंय?"

"लिहिलंय," सर म्हणाले. "मी शिकलो तेव्हा मला असंच शिकवलं होतं. लोकांच्या घरात ढवळाढवळ करायची नाही. त्यामागं कारणं आहेत. लोकांनी पूर्वी फार ढवळाढवळ केलेली आहे."

"आन पोर गेलं त्याचं?"

"त्याला माझ्याकडे कारण नाही. आज कुणी मला तेच विचारलं तर मी बहुतेक वेगळं सांगेन."

"आज कशाला कोन इचारील? आज काय ऱ्हायलंय इचारन्यासारखं?"

त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. त्यात माझी सही असलेला कागद होता. अक्षरं मोठमोठी, एक ओळीच्या खाली घसरलेलं. "तुमचा हक्क आहे," ते म्हणाले. "पुस्तक अजून छापलं नाही. तुम्ही म्हणाल तर तुमच्या घराचे सगळे आकडे काढून टाकतो. सही तुमची आहे, तुम्ही ठरवा."

"सही माझी हाय," मी म्हणालो. "ताट तिचं हाय. तिला इचारून कळवतो."

त्यांनी आपला पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड दिलं. चहा मागवला. मी प्यालो नाही. आता वाटतं प्यायला हवा होता, त्या माणसानं निदान काही खोटं सांगितलं नाही.

घरी आलो तेव्हा बायको अंगणात कुरडया वाळत घालत होती. मी उभ्याउभ्या सांगितलं, पुण्याला जाऊन आलो, तुझे आकडे काढू का म्हणून विचारतायत.

ती खाली बघूनच काम करत राहिली. "का काढायचं?"

"लोक वाचत्याल. तुला लाज वाटत आसंल."

"मला न्हाई वाटत आता. तुमाला वाटती का?"

मी डोक्याचा पटका सोडायला लागलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "आठ दिस कुनीतरी बसून माझं ताट बघितलं. म्या काय खाती, किती खाती, बारकं वजन घालून घालून. आजवर कुनी बघितलं न्हवतं. त्येवडं आसू द्या कुठं तरी लिवलेलं."

मग मान वर करून म्हणाली, "दवाखान्यात डाक्टरला सांगत व्हता ना तुमी, वहीत लिवलंय म्हनून. म्या तवाच बोलनार व्हते. तुमी एवढं ठासून सांगत व्हता, मला तुमाला खोटं पाडवंना."

मी कार्डावर लिहिलं, "आकडे ठेवा. बायकोची परवानगी आहे." वेल्ह्याला जाऊन पेटीत टाकलं.

त्यानंतर मी काही दिवस ताटात अर्धी भाकरी ठेवून उठायला लागलो. म्हटलं, तिला जाईल. तर ती विचारायची, "का वो, करपली का? का कालवन बिघडलं?" आणि ती अर्धी थोरल्या पोराला द्यायची. बरोबर जेवायला बस म्हणालो तर आईकडं बघायची. आई वारली, तरी ती दाराआडच जेवत राहिली. पुढं धान्य भरपूर झालं, रेशन आलं, पोरं कमवती झाली, तिच्या ताटात भाकरी राहायला लागली असावी. असावी म्हणतो, कारण मी उठून दाराआड जाऊन बघितलं नाही. एकदाही नाही. सरांनी मला अडवलं नव्हतं, कुठल्या शपथेनं अडवलं नव्हतं, तरी नाही.

पुस्तक छापलं का, कुठं आहे, मला माहीत नाही. ती मुलगी आता माझ्यासारखीच म्हातारी झाली असेल. पुण्यात कुणाला विचारावं तर आमचं नाव सांगून पुस्तक शोधता येणार नाही, कागदात लिहिलंच होतं की आमची नावं येणार नाहीत.

तेराव्याची माणसं जेवून गेली. दुपार कलली तेव्हा मी सुनेला विचारलं, "तू जेवलीस का?"

"जेवते की मामंजी. तुमचं होऊ द्या आधी."

तिनं माझं ताट आणून पुढं ठेवलं. मी तिला म्हणायला हवं होतं की इथंच बस, माझ्यासमोर वाढून घे. तोंडापर्यंत आलं होतं. ती पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली, आणि मी जेवलो.